मान नका हालवू, सांगा

मान डोलावणाऱ्या माणसाचा इतका राग राग करणारी बाई अख्ख्या नागपुरात माझ्या आकडसासूखेरीज दुसरी झाली नसेल. आकडसासू म्हणजे बायकोची मोठी बहीण. आमच्या विदर्भात तिला सासूचा मान असतो, आणि पुष्कळदा सासूपेक्षा जास्त धाक. त्यातून माझ्या आकडसासू नर्स होत्या, त्यातून सरकारी दवाखान्यातल्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, आणि त्यातून स्वतः लग्न न करता धाकट्या भावंडांना आईच्या जागी राहून वाढवलेल्या. म्हणजे घाबरायला सुरुवात कुठून करायची, एवढाच जावयापुढे प्रश्न. घरात सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणायचो. लोक चोराला भितात, सापाला भितात. ताई "हो हो, समजलं" म्हणणाऱ्याला भ्यायच्या. समोरच्याची मान हलली की त्यांच्या कपाळावर आठी चढायची आणि पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "मान नका हालवू. काय समजलं ते सांगा. तुमच्या शब्दांत." आणि समोरच्याने सांगितलं, आणि ते बरोबर निघालं, तरच त्या म्हणायच्या, "हं. आता समजलं."

हा "हं" मिळवायला मला आयुष्य खर्ची घालावं लागलं, कारण मी जन्मजात मान डोलावणारा. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये मी स्टोअरकीपर होतो, आणि साहेबाचं वाक्य संपायच्या आत मान हलवून मोकळं व्हायचं ही माझी नोकरीची रीत होती. तीच रीत मी लग्नात वापरली. आमच्याकडे लग्नात भंतेजींच्या मागोमाग नवऱ्याला प्रतिज्ञा म्हणाव्या लागतात. मे महिन्यातलं नागपूर, अंगात सूट, गळ्यात मणाचे हार. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो आणि उरलेलं मानेवर निभावून नेलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. आहेर द्यायला माणसांची रांग लागली, तेव्हा ताई स्टेजवर चढल्या. मला वाटलं, आशीर्वाद द्यायला आल्या. त्यांनी हात जोडून जयभीम केला आणि म्हणाल्या, "जवाईबापू, आत्ता काय काय कबूल केलं तुमी? तुमच्या शब्दांत सांगा." मला एवढंच आठवलं की बायकोचा मान ठेवायचा आहे. "अन् बाकीचं?" बाकीचं वाऱ्यावर गेलं होतं. रांग थांबली. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, काय परीक्षा घेऊन राहिल्या का स्टेजवर? जेवण थंडं होऊन राहिलं!" ताई हलल्या नाहीत. शेवटी नवरीनेच खालच्या आवाजात एकेक प्रतिज्ञा मला सांगितली, मी ती मोठ्याने म्हटली आणि पास झालो. संसारात पुढेही आमची हीच पद्धत चालू राहिली.

ताईंच्या या खोडीतून कोणीच सुटायचं नाही. सक्करदऱ्याच्या चौकातले ऑटोवाले त्यांना दुरून ओळखायचे. एखादा नवखा "बैठो ना माँजी, मालूम है" म्हणाला की त्या एक पाय ऑटोत आणि एक पाय रस्त्यावर ठेवून उभ्या राहायच्या. "मालूम है ना? तो बोल, किधर से जायेगा." त्याने वळण न् वळण सांगितल्याशिवाय दुसरा पाय आत जायचा नाही. नळ दुरुस्त करायला आलेल्याला नळ दुरुस्त करून सुटका नव्हती. तो काहून गळत होता हेही सांगावं लागायचं. आणि पेशंट सापडला तर विचारूच नका. त्यासाठी त्यांचं एक सोंग ठरलेलं होतं. पदर डोक्यावरून घ्यायचा, खाली बसायचं, चेहरा अगदी भोळा करायचा आणि म्हणायचं, "मी अडाणी बाई आहो, मले काहीच समजत नाही. डॉक्टरनं काय सांगितलं ते मले समजावून सांग बाप्पा." मग त्या असे काही प्रश्न विचारायच्या की देवालाही घाम फुटावा. गोळी जेवणाआधी म्हणते, पण मी जेवलीच नाही तं घ्यायची का? चक्कर आली तं बंद करू? बरं वाटलं तं बंद करू? शेजारनीची बी अशीच गोल अन् पांढरी आहे, तिची घेतली तं नाही का चालत? आमच्या शेजारच्या रक्तदाबवाल्या काकांनी एकदा याच सोंगापुढे उत्तरं देता देता शोध लावला, की आपण आजवर भलत्याच वेळी भलतीच गोळी खात आलो आहोत. त्यांचा रक्तदाब त्या दिवशी फार वाढला, पण नंतर ताळ्यावर आला.

हे खूळ कुठून आलं ते ताईंनी मला एकदाच सांगितलं, आणि ती गोष्ट हसण्यासारखी नाही. त्यांना नोकरी लागून थोडीच वर्षं झाली होती. वॉर्डात एक लहान मुलगी होती, साखरेच्या आजाराची. मोठ्या माणसांना होतो तो नव्हे. ज्यात इन्सुलिनशिवाय लेकरू जगतच नाही, तो. आई मजुरी करणारी. मुलगी सुधारली, घरी निघाली. ताईंनी आईला सुई कशी भरायची, कुठे टोचायची, सगळं शिकवलं आणि शेवटी म्हणाल्या, "औषध थंड जागी ठेवजो." आईने मान डोलावली. ताई पुढच्या पलंगाकडे गेल्या. उन्हाळ्याचे दिवस होते, आणि आपल्याकडचा उन्हाळा काय असतो हे मी नागपूरकराने काय सांगावं. त्या बाईच्या गावात एका दुकानात बर्फाच्या कांड्या करायची पेटी होती. थंडच ठेवायचं तर जास्तीत जास्त थंड ठेवावं, असं आईच्या जिवाला वाटलं. तिने दुकानदाराचं दुकान रोज झाडून द्यायचं कबूल केलं आणि त्याच्या पेटीत बर्फात औषधाची बाटली ठेवली. रोज वेळेवर जायची, गोठलेली बाटली तळहातांत धरून विरघळवायची आणि हात स्वच्छ धुऊन लेकराला सुई द्यायची. पण एकदा गोठलं की त्या औषधात औषध उरत नाही. मुलगी पुन्हा दवाखान्यात आली तेव्हा बेशुद्ध होती आणि ती वाचली नाही. आई ताईंना म्हणाली, "सिस्टर, मी तं एक बी टाइम चुकवली नाही. मंग काहून?" ताई मला म्हणाल्या, "तिनं मान हालवली अन् मी पुढं गेली. कुठं ठेवशीन वं माय, एवढं विचारलं असतं तं झालं असतं." मग त्या उठून कुकर लावायला गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या प्रश्नांना मनातसुद्धा शिव्या दिल्या नाहीत.

पुढे मलाही साखरेचा आजार जडला, तो अर्थात मोठ्या माणसांचा. तेव्हा मी ताईंच्या राज्याची रीतसर प्रजा झालो. त्या घरी आल्या की माझं तोंड पाहायच्या आधी पाय पाहायच्या. या आजारात पायाची जाणीव हळूहळू जाते, जखम झाली तरी कळत नाही, आणि कळते तेव्हा कापायची वेळ आलेली असते. हे मला त्यांनी इतक्यांदा वदवून घेतलं होतं की मी झोपेतही सांगितलं असतं. त्यांनी मला दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून तळवे पाहायला शिकवलं. एकदा मात्र गडबड झाली. घरात चिंच फोडणं चालू होतं, एक चिंचोका माझ्या बुटात जाऊन बसला आणि मी तो बूट घालून सबंध दिवस खुशाल हिंडलो. संध्याकाळी ताई आल्या, मोजा काढला आणि त्यांचा चेहरा उतरला. मला काही दुखत नव्हतं, म्हणून मी हसत होतो. "हासू नका," त्या म्हणाल्या, "दुखत नाही हेच तं दुखणं आहे." त्या जखमेपायी त्या रोज पट्टी करायला आल्या, ती भरली तेव्हाच थांबल्या. आज मी दोन पायांवर चालतो ते त्यांच्या जिवावर. "तुमचा आजा विंचवासाठी जोडा झटकत होता ना? तुमी स्वतःसाठी झटका," असं सांगून त्यांनी मला बुटात हात घालून पाहायची सवय लावली. रिटायर झाल्यावर हाच प्रयोग त्यांनी सक्करदऱ्याच्या तलावावर फिरायला येणाऱ्यांवर सुरू केला. ओळख ना पाळख, "भाऊ, शुगर आहे का? बूट काढा पाहू." काही सद्गृहस्थ त्यांना पाहून तलावाला उलटी फेरी मारू लागले. ताईंनी मग स्वतःही उलटी फेरी सुरू केली.

इतकी शिस्तीची बाई स्वतः मात्र तर्रीपोह्यांपुढे विरघळायची. पोह्यांवर लालभडक तर्री, तीवर आणखी तर्री, वरून कच्चा कांदा. मी एकदा धीर करून विचारलं, "ताई, अॅसिडिटी तुम्हाले होत नाही का?" तर त्यांनी मला जळजळ कशी होते, कुठून वर चढते, दुपारी किती त्रास होईल आणि संध्याकाळी कोणती गोळी घ्यावी लागेल, सगळं क्रमाने सांगितलं आणि पोहेवाल्यापुढे वाटी केली, "भाऊ, तर्री टाक अजून." मग मला त्या म्हणाल्या, "ज्याले काय होईन ते सांगता येते, त्याले खाता येते. तुमाले सांगता येत नाही, तुमी साधे पोहे खा."

पण ताईंचं खरं भांडण वेगळंच होतं, आणि ते त्या नोकरीभर भांडल्या. आपल्याकडे एखाद्याला मोठा आजार झाला की पहिलं काम काय, तर ते त्याच्यापासून लपवायचं. डॉक्टरला दाराबाहेर गाठायचं आणि म्हणायचं, पेशंटले सांगू नका, खचून जाईन. वॉर्डात एक म्हातारबा होते. पोटाचा कॅन्सर, हाताबाहेर गेलेला. पोरांनी त्यांना गॅसचा गोळा आहे म्हणून सांगितलेलं. भेटायला येणारा प्रत्येक जण "गॅसच आहे, ओवा खा" म्हणायचा आणि बाहेर जाऊन डोळे पुसायचा. एक दिवस म्हातारबांनी ताईंना जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, मले कॅन्सर आहे ते माह्या पोरायले सांगू नका. घाबरून जातीन बिचारे." ताईंनी पोरांना आत बोलावलं, पलंगाभोवती उभं केलं आणि म्हणाल्या, "आता तुमी सारे एकमेकाले खरं काय ते सांगा. मी चहा पिऊन येते." परत आल्या तेव्हा सगळ्यांचे डोळे लाल होते आणि म्हातारबा थोरल्या पोराला विहिरीवरच्या मोटरची खोड समजावत होते, की ती सुरू होत नसली तर कुठे थाप मारायची. ताई म्हणायच्या, "साऱ्या गावाले त्याच्या मरणाची खबर. त्यालेच एकट्याले काहून नाही? मरण तं त्याचं आहे ना बाप्पा. त्याले बी काही सांगून जायाचं असन." स्वतःबद्दलही त्यांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं, की मला काही झालं तर मला सांगायचं, तोंडावर सांगायचं. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली होती.

आणि मग ताईंना झालं. आधी जेवण कमी झालं. मग डोळे पिवळे, अंगाला खाज. तर्रीची वाटी एक दिवस त्यांनी तशीच परत केली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट सांगायला घरच्यांना बाहेर बोलावलं. बाहेर आम्ही तिघं, मी, माझी बायको आणि माझा साळा. साळा मिहानमध्ये एका कंपनीत आहे, दिसायला दांडगा, पण ताईंसाठी अजूनही बाबूच. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, लिव्हरमध्ये पसरलेला; हाती महिने नव्हते, आठवडे होते. साळा भिंतीला टेकला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "ताईले सांगाचं नाही." बायको रडत रडत हो म्हणाली. मी म्हटलं, "अरे, पण त्या सिस्टर आहेत." तो माझ्यावर उखडला, "तुमची नाही ना बहीण! माह्यी माय आहे ते. मी तिले मरणाची बातमी देऊ का?" त्याच्या तोंडाकडे पाहून माझी मान हलली. आत जाऊन त्याने सांगितलं, "लिव्हरले सूज आहे, ताई. आराम करशीन तं बरी होशीन." आणि ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि मान डोलावली. मी उभ्या आयुष्यात ताईंना मान डोलावताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ताई आणि साळा राहत होते त्या घरात, जिथे आम्ही दोघंही मुक्कामाला आलो होतो, जे नाटक चाललं, ते दुसऱ्या कोणाच्या घरी असतं तर मी पोट धरून हसलो असतो. सगळी हयात वॉर्डात काढलेल्या बाईपासून तिचाच आजार लपवायचा! साळ्याने रिपोर्ट ज्वारीच्या कोठीत दडवले. गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं नखाने खरडून काढली. दुखणं थांबवायची कडक गोळी दिली की "ही ताकदीची" म्हणायचं. भेटायला येणाऱ्याला तो दारातच पढवून आत सोडायचा, मग आलेला माणूस पलंगाजवळ बसून "किती छान दिसून राहिल्या ताई तुम्ही" म्हणायचा, आणि पिवळ्या पडलेल्या, हाडं वर आलेल्या ताई मान डोलवायच्या. डॉक्टर आले, मान. जेवण कसं आहे, मान. बायको स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून रडायची आणि बाहेर येताना हसू लावून यायची. ज्या घरात पाण्याचा ग्लास मागितला तरी 'कशासाठी' हे सांगावं लागायचं, त्या घरात आता कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. ताईंचे थोडेच दिवस उरले होते आणि ते असे मान हलवण्यात चालले होते. मला ते सहन होईना.

एक दिवस दुपारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. साळा कामावर गेलेला, बायको आत. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, कूलरच्या वाळ्याचा वास खोलीत भरला होता. मी सवयीने त्यांच्या पायावरची चादर बाजूला केली. पाय सुजले होते. मी ते पाय हातात घेतले आणि काय सुचलं कोण जाणे, खाली जमिनीवर बसलो, खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला आणि म्हणालो, "ताई, मी अडाणी माणूस आहो. मले काहीच समजून नाही राहिलं. तुम्हाले काय झालं आहे ते मले समजावून सांगा. तुमच्या शब्दांत."

मला वाटलं, आता रागावतील. त्या हसल्या. "तुमी अडाणी आहा हे मले लग्नाच्या दिवशीच समजलं होतं," असं म्हणाल्या, आणि मग छताकडे बघत सांगायला लागल्या. वॉर्डात नव्या सिस्टरला सांगावं तसं, शांतपणे. "स्वादुपिंडात गाठ आहे. तिथून लिव्हरमधी गेली. म्हणून डोळे पिवळे, म्हणून खाज. ऑपरेशन होत नाही. दुखणं वाढन, खाणं बंद होईन, मंग झोपच झोप. पावसाळा काही मले दिसत नाही."

"कोणी सांगितलं तुम्हाले?"

"सांगन कोण? सारे बह्याड तुमी. गोळीचं नाव खरडलं, मंग गोळीचा रंग बी खरडाचा होता."

"मंग तुम्ही मान काहून डोलावली?"

"बाबा गेले तवा बाबू एवढुसा होता. मी त्याले सांगितलं, बाबा ड्युटीवर गेले. लय दिवस तो दारात बसून राहाचा. खोटं बोलून माणूस जपाचं हे मीच शिकवलं त्याले. आता तो मले जपून राहिला तं मी त्याले काय म्हणू?" मग त्यांचा आवाज फुटला. "पण लय एकटं वाटते, जवाईबापू. मरताना इतकं एकटं नाही वाटाले पाहिजे." मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडलो. त्याही रडल्या. आत भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे बायकोने सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी साळा घरी आला. ताईंनी त्याला हातपाय धुऊ दिले, पाणी पिऊ दिलं, मग पलंगाच्या कडेला बसवलं. "बाबू, मले काय झालं आहे?"

"लिव्हरले सूज..." त्याने सुरुवात केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याला कळलं. तो मला मारतो की काय असं मला वाटलं, पण ताईंनी त्याचा हात धरून ठेवला होता. "माह्याकडं पाहून सांग."

त्याने नुसतीच मान हलवली. गालांवरून पाणी वाहत होतं.

"मान नको हालवू, बाबू. बोल."

"तू... तू जाऊन राहिली, ताई."

"कुठं जाऊन राहिली? कामठीले आत्याकडं? नीट सांग."

दारात उभी असलेली माझी बायको त्या रडण्यातही फिसकन हसली. साळ्याने डोळे मिटले. "तू मरून राहिली, ताई."

"हं," ताई म्हणाल्या. "आता समजलं." मग त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. "अन् आयक. बाबा ड्युटीवर नव्हते गेले. ते मेले होते. मी तुले खोटं सांगितलं होतं."

"मले थोडंथोडं माहीत होतं," तो म्हणाला. एवढा दांडगा माणूस, तिच्या कुशीत तोंड खुपसून पोरासारखा पडून राहिला.

त्या दिवसापासून घर पुन्हा ताईंचं झालं. पडल्या पडल्या त्यांनी आम्हाला स्वतःचीच शुश्रूषा शिकवली. कूस कशी बदलायची, पाठ कुठे तपासायची, तोंड कोरडं पडलं तर ओल्या कापसाने कसं पुसायचं. दुखण्याची गोळी दुखायची वाट न पाहता वेळेवर द्यायची, आणि तिच्याने पोट साफ होत नाही म्हणून त्याचंही औषध द्यायचं. खाणं नको म्हटलं तर कोंबायचं नाही. एकेक गोष्ट आमच्याकडून वदवून घ्यायच्या. माझी बायको पहिल्याच फटक्यात पास व्हायची, साळा दोनदा नापास व्हायचा. शेवटचं कसं होईल तेही सांगितलं. "हातपाय गार पडतीन. श्वास थांबन, मंग पुन्हा येईन, पुन्हा थांबन. भेसूर दिसन, पण मले तरास नसन. तवा काय कराचं, बाबू?" साळा म्हणायचा, "गाडी बोलवाची नाही. मोठ्या दवाखान्यात न्यायाचं नाही. तुह्या जवळ बसाचं." "अन् काय नाही कराचं?" "खोटं नाही बोलाचं." ताई डोळे मिटून म्हणायच्या, "हं."

झालंही तसंच. सकाळची वेळ होती. श्वास थांबला, आला, पुन्हा थांबला. साळा ताडकन उठला, खिशातून फोन काढला. मला वाटलं, आता हा गाडी बोलावतो. तो फोन हातात धरून तसाच उभा राहिला आणि पुटपुटायला लागला, "हातपाय गार पडतीन, श्वास थांबन, मंग येईन, तिले तरास नाही, तिले तरास नाही..." मग फोन बाजूला ठेवून तिच्याजवळ बसला. माझ्या बायकोने ओला कापूस ओठांवरून फिरवला. मी पाय धरून बसलो होतो. पुढचा श्वास आला नाही.

थोड्या वेळाने साळ्याने कामठीच्या आत्याला फोन लावला. अशा वेळी आपल्याकडे काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. माणूस गेलेला असतो आणि फोनवर सांगतात, तब्येत जरा सीरियस आहे, निघून या. तोही तसंच सुरू झाला, "आत्या, ताईची तब्येत जरा..." आणि थांबला. त्याने पलंगाकडे पाहिलं. "नाही आत्या. ताई मेली. आत्ताच मेली. घरीच, आम्ही सारे जवळ होतो." पलीकडून आत्याचा हंबरडा आम्हाला ऐकू आला. साळ्याने तो सगळा ऐकून घेतला, फोन कानापासून दूर केला नाही.

आता मी डॉक्टरकडे एकटाच जातो. त्यांचं बोलून झालं, "समजलं ना काका?" म्हणाले, की माझी मान अजून आपोआप हलायला लागते. मग मी ती धरतो आणि म्हणतो, "नाही समजलं, साहेब. पुन्हा सांगा, मग मी माझ्या शब्दांत सांगतो." बाहेरच्या रांगेतले लोक उसासे टाकतात. घरी आलो की बायको जमिनीवर आरसा ठेवते, मी तळवे त्याच्यावर धरतो, आणि डॉक्टरांनी काय काय सांगितलं ते सगळं तिला एकही गोष्ट न गाळता सांगतो. सांगून झालं तरी आम्ही दोघं थोडा वेळ तसेच बसून राहतो. "हं, आता समजलं" म्हणणारं घरात कोणी नाही.